‘लावून घ्या तुमचं तुम्ही’ हे उत्तर नव्हे

ईमॅक्स किंवा विम हे टेक्स्ट एडिटर वापरणाऱ्या मराठी मंडळींपुढे अकारविल्ह्याचा विषय काढला की तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. युनिकोड आलं तेव्हाच हा प्रश्न मिटला. मिटला नसेल तर एडिटर आपल्याच हातात आहे, चार ओळी लिहा आणि हवा तसा क्रम लावून घ्या. आणि नाही जमलं तरी बिघडलं कुठे, हल्ली शोधलं की सापडतं, अनुक्रम हवाय कुणाला? तिन्ही वाक्यं बहुधा एकाच माणसाकडून, एकाच बैठकीत येतात. प्रश्न मिटला असेल तर चार ओळी कशासाठी लिहायच्या, आणि अनुक्रम कुणालाच नको असेल तर मिटलं ते काय, हे विचारलं की विषय बदलतो. मी पुस्तकांच्या शब्दसूची आणि नामसूची लावण्याचं काम करतो, त्यामुळे मला विषय बदलून चालत नाही.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. ईमॅक्समध्ये ओळी निवडून ‘सॉर्ट-लाइन्स’ म्हटलं, किंवा विममध्ये ‘सॉर्ट’, की शेकडो ओळी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जागेवर बसतात. बसतात त्या वर्णमालेप्रमाणे नव्हे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे आणि एडिटर तेवढाच बघतो; लहान क्रमांक आधी, मोठा नंतर. ल चा क्रमांक २३५४, ळ चा २३५५, व चा २३५७, ह चा २३६१. आता ही यादी घ्या: काल, कावळा, काशी, कासव, काही, काळजी. शाळेत ‘श ष स ह ळ’ म्हणत मोठा झालेला कुणीही माणूस ती अशीच लावेल. एडिटर लावतो: काल, काळजी, कावळा, काशी, कासव, काही. काळजी चार पायऱ्या वर चढली. नामसूचीत पळसुले पवारांच्या आधी येतात, गोळे गोवंड्यांच्या आधी. वाचक ‘गोवंडे’, ‘गोसावी’ ओलांडून गोळे शोधायला खाली जातो, तिथे ते नसतात, आणि पुस्तकात गोळ्यांचा उल्लेखच नाही असं समजून तो सूची मिटतो.

ळ तिथे कसा गेला याचंही उत्तर आहे, आणि ते मराठीशी कुणी वैर धरलं असं नाही. युनिकोडमधल्या भारतीय लिप्यांची मांडणी इस्की या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतली. (पुढे १९९१मध्ये तिचं आयएस १३१९४ हे मानक झालं.) सगळ्या लिप्यांसाठी एकच समान आराखडा करायचा, म्हणजे एका लिपीतला मजकूर दुसऱ्या लिपीत सहज नेता येईल, हा त्यामागचा विचार होता. म्हणून सारख्या वाटणाऱ्या अक्षरांना शेजारी बसवलं: र शेजारी ऱ, ल शेजारी ळ आणि ऴ. लिप्यंतराला हे सोयीचं आहे. पण तमिळ वर्णमालेत ऴ, ळ, ऱ, ऩ ही अक्षरं अगदी शेवटी, व नंतर येतात. तमिळच्या तक्त्यातही ती अशीच मधे घुसवली गेली. म्हणजे क्रमांकांचा तक्ता अनुक्रमासाठी केलेलाच नव्हता. युनिकोडलाही हे ठाऊक आहे, म्हणून तर अनुक्रम लावण्याची रीत सांगणारा वेगळा दस्तऐवज, युटीएस क्रमांक १०, त्यांना काढावा लागला. भाषांनुसार करायचे फेरफार सीएलडीआर या भांडारात नोंदवलेले आहेत, आणि मराठीसाठी तिथे ह नंतर ळ आहे. ‘युनिकोडने प्रश्न मिटवला’ म्हणणाऱ्यांना मी इतकंच म्हणेन की युनिकोडने उत्तर लिहिलं खरं, पण तुमचा एडिटर ते वाचत नाही.

तक्त्याचं जे श्रेय आहे ते देतो. स्वरचिन्हांचे क्रमांक व्यंजनांनंतर आणि हलन्ताचा क्रमांक स्वरचिन्हांनंतर ठेवल्यामुळे कमळ, काका, कौल, क्रम हा क्रम आपोआप बरोबर लागतो. अनुस्वाराचा क्रमांक सगळ्यांच्या आधी असल्याने ‘अंक’ हा शब्द ‘अकबर’च्या वर जातो, आणि मराठी विश्वकोशाचा पहिला खंडही ‘अंक’पासूनच सुरू होतो. आराखडा करणारी माणसं जाणकार होती. त्यांच्या जाणकारीमुळे बऱ्याच जागा बरोबर लागतात आणि म्हणूनच चुकलेल्या जागा चटकन नजरेत येत नाहीत. सगळंच उलटंपालटं झालं असतं तर प्रूफ वाचणाऱ्याने पहिल्याच पानावर हरकत घेतली असती.

ॲ ची कथा याहून वाईट. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. तोवर तक्त्यातल्या स्वरांच्या जागा भरलेल्या होत्या, म्हणून ते शेपटाला गेलं: क्रमांक २४१८. ह च्या पलीकडे, सगळ्या स्वरचिन्हांच्या पलीकडे, अगदी देवनागरी ९ च्याही पलीकडे, कारण ९ चा क्रमांक २४१५ आहे. त्याआधी, आणि सवयीने आजही, अनेक जण अ काढून त्यावर ॅ देतात. दिसायला दोन्ही एकच. युनिकोडच्या लेखी मात्र ही दोन वेगळी लेखनं आहेत आणि प्रमाणीकरणाच्या कुठल्याही रूपात ती एक होत नाहीत. तत्त्वज्ञानावरच्या एखाद्या पुस्तकाची प्रकरणं दोन जणांनी टंकलेली असली की काय होतं ते पाहा. एकाने ‘अॅरिस्टॉटल’ लिहिलं, ते सूचीत ‘अहंकार’ नंतर आणि ‘आकार’च्या आधी पडतं. दुसऱ्याने ‘ॲरिस्टॉटल’ लिहिलं, ते ‘हेगेल’, ‘ह्यूम’ यांच्याही खाली, सूचीच्या तळाशी जातं. एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात, पृष्ठांक दोन्हींत विभागले जातात, आणि पडद्यावर पाहणाऱ्याला दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही. ‘कैऱ्या’ या शब्दाचीही तीच गत. कुणी ऱ वापरून लिहितं, कुणी र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. विमला ‘सॉर्ट यू’ सांगून दुबार ओळी काढायला लावा. दोन्ही कैऱ्या शाबूत राहतात.

इथे कुणी म्हणेल, हा टंकनाचा दोष आहे, क्रम लावणाऱ्याचा नाही. निम्मं खरं आहे. ॲ आणि अॅ यांचा घोळ क्रम लावण्याआधी शोधून-बदलूनच निस्तरावा लागतो. पण कैऱ्यांच्या बाबतीत युटीएस १०ची रीत अदृश्य जोडचिन्हाकडे दुर्लक्ष करते आणि ऱ ला र च्याच पंगतीत बसवते. म्हणजे चांगली रीत टंकनाचेही काही दोष पोटात घालते. क्रमांक मोजणारी रीत प्रत्येक दोष वर आणून मांडते, तोही चुकीच्या जागी.

आता माझ्या मते या सगळ्या वादातला खरा मुद्दा. एडिटरचे समर्थक म्हणतात, साधन तटस्थ आहे. ते कुठलीच भाषा जाणत नाही, सगळ्यांना एकाच मापाने मोजतं. हे खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचा पुरावा त्या एडिटरमध्येच आहे. क्रमांकांच्या तक्त्यात इंग्रजीची मोठी अक्षरं ६५ ते ९०, लहान अक्षरं ९७ ते १२२. निव्वळ क्रमांक मोजले तर मोठ्या झेडने सुरू होणारा झेब्रा लहान ए ने सुरू होणाऱ्या ॲपलच्या आधी येतो. इंग्रजी वाचकाला हे खपलं नाही. मग ईमॅक्समध्ये ‘सॉर्ट-फोल्ड-केस’ नावाचं व्हेरिएबल आलं. ते चालू केलं की लहानमोठ्याचा भेद मिटतो. विममध्ये त्यासाठी ‘सॉर्ट आय’ आहे. इंग्रजीला ‘तक्ता तसाच आहे, काय करणार’ असं कुणी ऐकवलं नाही. ‘चार ओळी लिहून घ्या’ म्हणून बोळवणही केली नाही. एक कळ बसवून दिली, तिला नाव दिलं, माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख केला. तेव्हा हे माप तटस्थ कधीच नव्हतं. एका भाषेची अडचण दोष ठरली आणि बाकीच्यांची अडचण हौस ठरली, एवढंच.

बाकीच्यांत आपण एकटेच नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर यात कुणाला मराठी अस्मितेचा वास येईल. फ्रेंचमध्ये डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या ई ने सुरू होणारे शब्द क्रमांकांच्या हिशेबात झेडच्या मागे जातात. स्वीडिश वर्णमालेच्या शेवटी वर्तुळवाला ए, मग दोन टिंबांचा ए, मग दोन टिंबांचा ओ येतो. तक्त्यात पहिल्या दोघांची अदलाबदल झालेली आहे. युरोपात राहणाऱ्यांचीही सॉर्ट-लाइन्सपुढे हीच परवड होते.

दुसऱ्या वाक्याकडे येतो: हवं तसं बदलता येणारा एडिटर आहे, बदला की. मी बदलला आहे, म्हणून काय करावं लागतं ते सांगू शकतो. ईमॅक्समध्ये ‘सॉर्ट-सबआर’ नावाचं मूळ फंक्शन आहे. त्याला सहा गोष्टी देता येतात, त्यातली सहावी म्हणजे दोन ओळींत आधी कोण हे ठरवणारी कसोटी. तिथे ‘स्ट्रिंग-कोलेट-लेसपी’ हे २०१६च्या २५.१ आवृत्तीत आलेलं फंक्शन लावायचं आणि त्याला मराठी लोकेलचं, म्हणजे यंत्रावरच्या मराठीच्या नियमसंचाचं, नाव सांगायचं. पण कसोटी नुसती लावून भागत नाही. सॉर्ट-सबआर तिच्याकडे ओळीचा मजकूर पाठवत नाही, बफरमधल्या, म्हणजे उघडलेल्या मजकुरातल्या, जागा पाठवतं. त्यामुळे ओळीतून मजकूर काढून देणारं आणखी एक फंक्शन आधी लिहावं लागतं. यंत्रावर मराठी लोकेल घातलेलं नसेल तर चूक दाखवली जाते, ते बरं. पण प्रणालीत लोकेलची सोयच नसेल तर हे फंक्शन एक चकार शब्द न काढता पुन्हा क्रमांक मोजायला लागतं, आणि तशी कबुली त्याच्या स्वतःच्या माहितीतच दिलेली आहे. म्हणजे घरच्या लिनक्सवर बरोबर लागलेली सूची दुसऱ्याच्या यंत्रावर चुकते आणि कुणाला पत्ता लागत नाही. विमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘सॉर्ट एल’ आहे, ते लोकेल पाहतं. तुलनेने सोपं आहे, पण आधी ‘लँग्वेज कोलेट’ सांगून लोकेल बदलावं लागतं.

हे सगळं मला जमतं, कारण मला त्यात रस आहे. शब्दसूची करणारा प्राध्यापक, स्मरणिकेतल्या देणगीदारांची यादी लावणारा मंडळाचा चिटणीस, बोलीतल्या शब्दांचा संग्रह करणारी संशोधक यांनी ईमॅक्ससाठी लिस्प ही प्रोग्रॅमची भाषा शिकावी ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? ‘बदलता येतं’ हा साधनाचा गुण आहे, पण तो गुण पुढे करून मूळ दोष झाकणं ही मखलाशी झाली. भाड्याने दिलेल्या घराचा नळ गळतो म्हटल्यावर मालकाने पान्हा हातात ठेवून ‘घर तुमचंच समजा’ म्हणावं, तसलं हे औदार्य.

जाता जाता आकड्यांबद्दल. ईमॅक्समध्ये ‘सॉर्ट-न्यूमेरिक-फील्ड्स’ आहे, पृष्ठांकांनी ओळी लावायला उत्तम. देवनागरी १०, २५, १०३ दिले तर ते त्यांना आकडा मानतच नाही; सगळ्यांची किंमत शून्य धरतं आणि ओळी जागच्या जागी ठेवतं. विमच्या ‘सॉर्ट एन’लाही देवनागरी आकडे ओळखता येत नाहीत. याचं समर्थन करताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.

आणखी एक आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मराठी माणसांकडूनच येतो. मराठीचाच क्रम एक नाही, मग यंत्राने कुणाचं ऐकावं? बाराखडीत कं शेवटी, विश्वकोशात अं पहिला. कुणी अनुस्वाराला पुढच्या अक्षराच्या वर्गातलं अनुनासिक समजून ‘कांदा’ला ‘कान्दा’ मानून लावतं. क्ष आणि ज्ञ यांचं तर विचारूच नका. वर्गाच्या हजेरीपटात क्षितिजा आणि ज्ञानदा पार शेवटी असल्याचं अनेकांनी पाहिलं असेल. सीएलडीआरही त्यांना ळ च्या मागे ठेवतं. आणि जोडाक्षर म्हणून पाहणारा कोशकार क्षितिजाला क मध्ये आणि ज्ञानदाला ज मध्ये घालतो. (मी स्वतः कोशकाराच्या बाजूचा आहे. क्ष शोधायला लोक क मध्येच जातात असा माझा अनुभव, पण हा वाद इथे नको.)

मतभेद आहेत, मान्य. ते एकट्या मराठीत आहेत हे मात्र मान्य नाही. जर्मनीत डीआयएन ५००७ या मानकात दोन क्रम आहेत. शब्दकोशाच्या क्रमात दोन टिंबांचा ए साध्या ए सारखा धरतात. नावांच्या याद्यांसाठी तो ‘एई’ अशी दोन अक्षरं असल्यासारखा. सीएलडीआरमध्ये जर्मनसाठी टेलिफोनच्या यादीचा क्रम वेगळा ठेवलेला आहे, ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा. स्पॅनिशमध्ये ‘सीएच’ आणि ‘डबल एल’ ही पिढ्यान् पिढ्या स्वतंत्र अक्षरं म्हणून लावली जात. १९९४मध्ये स्पॅनिश अकादमींच्या संघाने ती पद्धत बंद केली, तरी जुना क्रमही पर्याय म्हणून उपलब्ध आहे. स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीने व्ही आणि डब्ल्यू यांना वेगळं केलं ते २००६ साली. अनुक्रम हा माणसांनी बसून ठरवायचा आणि प्रसंगी बदलायचा करार असतो. दोन करार असतील तर दोन्ही द्यावेत. दोन आहेत म्हणून तिसराच, कुणीही न केलेला करार माथी मारायचा हे कुठलं तर्कशास्त्र? काल, काळजी, कावळा हा क्रम या मतभेदातल्या एकाही पक्षाचा नाही.

स्थैर्याचा मुद्दा राहिला, आणि तो जाणकारांचा आहे. क्रमांकांनी लावलेला क्रम कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही वर्षी तोच येतो. भाषेच्या नियमांनी लावलेला बदलू शकतो. हे घडलेलं आहे. २०१८मध्ये लिनक्सच्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम अद्ययावत झाले आणि त्यांवर विसंबलेल्या पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या मजकुराच्या अनुक्रमणिका बिघडल्या. त्या नव्याने बांधाव्या लागल्या. तेव्हा यंत्राने यंत्रासाठी लावलेल्या यादीत क्रमांक मोजणंच शहाणपणाचं, यात माझा वाद नाही. प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या आयात-ओळी, आवृत्त्यांची तुलना करायच्या फाइली, सेटिंगच्या याद्या यांना मराठी वर्णमालेशी देणंघेणं नाही. पण एडिटरला समोर काय उघडलंय ते कळतं. पायथनचा प्रोग्रॅम असेल तर तो त्याला पायथनचे रंग देतो, समास पायथनच्या रीतीने सोडतो. प्रोग्रॅमच्या भाषेबद्दल एवढी जाण ठेवणाऱ्याने माणसाच्या भाषेबद्दल मात्र हात वर करायचे, आणि त्याला स्थैर्य म्हणायचं, हे पटत नाही.

‘शोधलं की सापडतं’ हे वाक्य मी शेवटी ठेवलं कारण ते सर्वांत उथळ आहे. जे आहे हे माहीत आहे ते शोधता येतं. सूची चाळणारा वाचक पुस्तकात काय काय आहे ते पाहत असतो. शिवाय काही क्रमांवर चाळण्यापेक्षा जास्त अवलंबून असतं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम ३८नुसार उमेदवारांची यादी वर्णानुक्रमे लागते: मान्यताप्राप्त पक्ष, नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष आणि इतर अशा तीन गटांत, प्रत्येक गटाच्या आत वर्णानुक्रम, आणि मतपत्रिकेवरही तोच. काळूराम आणि काशीनाथ असे दोन अपक्ष उभे राहिले, तर आपल्या वर्णमालेप्रमाणे काशीनाथ वर आणि क्रमांकांच्या तक्त्याप्रमाणे काळूराम वर. मतपत्रिकेवर वरची जागा मिळावी म्हणून उमेदवार काय काय करतात हे महाराष्ट्राला सांगायला नको. तिथे ‘शोधलं की सापडतं’ हे काशीनाथला ऐकवून पाहावं.

राहिली एक तक्रार: हे एडिटर स्वयंसेवकांनी फुकट बनवलेले आहेत, त्यांच्याकडे मागण्या कसल्या करता? मागणी म्हणून नव्हे, दुरुस्ती म्हणून सांगतो, आणि ती फार लहान आहे. कसोटीचं फंक्शन ईमॅक्समध्ये आहे, ती लावायची जागा सॉर्ट-सबआरमध्ये आहे, नियम सीएलडीआरमध्ये लिहिलेले आहेत. कमी आहे ती सॉर्ट-लाइन्सला भाषा सांगणारी एक कळ. ती फाइलनिहाय ठरवता यावी, आणि भाषेचे नियम हाताशी नसतील तर तिने गप्प न बसता तसं सांगावं. बदल सुचवायची दारं दोन्ही प्रकल्पांनी उघडी ठेवली आहेत. त्यातून आत जायचं काम मराठी वापरणाऱ्यांचं आहे, आणि त्यात ‘प्रश्न मिटला’ म्हणणाऱ्यांचाही नंबर लागतो, कारण लिस्प त्यांनाच येतं. सॉर्ट-फोल्ड-केस ज्या फाइलीत आहे, तिच्यात आणखी एका व्हेरिएबलला जागा आहे.